मागच्या सीटची गाठ

आमच्या शेजारच्या गादीमास्तरांनी उभा जन्म मोटारींच्या सीटा शिवण्यात घालवला. गेल्या वर्षी त्यांच्याकडे नव्वद वर्षांची एक आलिशान मोटार आली. आधी ती एका कारखानदाराची होती, मग एका डॉक्टरबाईंची, आणि पुढे कितीतरी वर्षं गोदामात पडून. नव्या मालकाने तिची वही ठेवली होती. मोटारीला ज्याचा ज्याचा हात लागला, त्याचं नाव आणि काम तो त्यात लिहून घेई.

मागच्या सीटचं कातडं उसवलं, तर आत घोड्याच्या केसांऐवजी गोणपाटाच्या चिंध्या! मास्तर आठवडाभर त्या कारागिराचा उद्धार करत होते.

शनिवारी मास्तरांची बायको डबा घेऊन आली. तिने उसवलेली शिवण निरखली. "अहो, ही डावखुरी गाठ तुमचीच की! लग्न ठरताना डॉक्टरबाईंच्या सीटची बढाई मारत होतात, तीच ना ही?"

मास्तरांनी गाठ उजेडात धरून पाहिली; त्यांचीच होती. तेव्हा दुकानात नुसती सीट आली होती. मोटार त्यांनी पाहिलीच नव्हती.

त्यांनी सीट केसांनी नीट भरली. गप्प राहिले असते, तर कुणाला काही कळलं नसतं. पण मालक आला तेव्हा त्यांनी चिंध्या पुढे ठेवल्या आणि सगळं सांगून टाकलं.

मालक हसत सुटला. "म्हणजे वहीत तुमचं नाव दोनदा!"

"लिहा की. पहिल्यापुढे फक्त 'शिकाऊ' असं लिहा."

"आणि दुसऱ्यापुढे?"

मास्तरांनी मागचं दार उघडलं. "ते बसून ठरवा."