टेकडीवरची सुबाभूळ

परवा सिंदी मेघेत आमच्या घरासमोर कुणीतरी सुबाभूळ तोडली. ओल्या लाकडाचा तो हिरवट, उग्र वास आला आणि मी गिरडजवळच्या आमच्या टेकडीवर जाऊन पोचले.

तेव्हा मी नवी सून होते. टेकडीवर सुबाभूळ इतकी माजली होती की खाली गवताची काडी उगवत नव्हती, आणि उपाशी हरणं शेतात शिरत. वनखात्याची परवानगी घेऊन सासूबाईंनी गावातल्या बाया जमवल्या. मोह, तेंदू राखायचे आणि सुबाभूळ काढायची, असं ठरलं. पहिला घाव बसला तोच सरपंच माणसं घेऊन आले आणि एका बुंध्याला मिठी मारून उभे राहिले.

"झाडं काऊन तोडून राह्यल्या? पहिले मले तोडा."

मी घाबरून सासूबाईंचा पदर धरला. त्या शांतपणे म्हणाल्या, "धरून ठेवा भाऊ. ते उद्या तोडू."

आणि त्यांनी शेजारच्या झाडावर कुऱ्हाड घातली. ऊन चढलं तसे सरपंच निघून गेले.

पुढच्या पावसाळ्यानंतर तिथं कमरेएवढं गवत वाढलं, आणि हरणं तिथंच चरू लागली. त्या दिवशी मला सासूबाई आडमुठ्या वाटल्या होत्या. आज कुणी झाड तोडणं पाप आहे म्हणालं, की मी एवढंच विचारते, "कोणतं झाड?"