युद्धनौकेचे कवच

निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण ते प्रकरण मनातून जात नाही. मी तेव्हा पुणे शहर गुन्हे शाखेत निरीक्षक होतो. एका बाईंचा फोन आला. "मी चौकीत येणार नाही. मंडईत भेटा. आणि वर्दीत येऊ नका."

बाई शिक्षिका होत्या, खडकीच्या क्वार्टर्समध्ये राहत. नवरा संरक्षण खात्याच्या एका प्रयोगशाळेत अभियंता. भाजीच्या गाळ्यांमागे उभ्या राहून त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "आधी वाटलं, बाईचं लफडं आहे. तेवढंच असतं तर मी तुमच्याकडे आलेच नसते. अहो, लग्नाला इतकी वर्षं झाली, मला ऑफिसातलं एक अक्षर कधी सांगितलं नाही. आणि काल तिला फोनवर जहाजाच्या रडारबद्दल सांगत होते."

वरिष्ठांना कळवले. नौदलाचे अधिकारी आले. पाळत ठेवली, संशय खरा निघाला; फोनवरची ती स्त्री शत्रूची हेर होती. अभियंत्याला ताब्यात घेऊन पंचांसमोर फोन आणि लॅपटॉप जप्त केला. पण त्यातले संदेश वाचले की आपोआप पुसले जात. बाहेर काय गेले, हे फक्त त्यालाच ठाऊक. आणि त्याच्या प्रयोगशाळेचे यंत्र बसवलेली युद्धनौका निघण्याच्या तयारीत होती.

चौकशीत तो खुर्चीत ताठ बसून होता. "तुम्हाला यातलं काय कळणार?"

"काहीच नाही. आपण समजावून सांगा."

मी चहा मागवला. आधी तुटक, मग रंगून तो सांगू लागला. शत्रूचे क्षेपणास्त्र रडारच्या लहरींवर जहाज हेरते. जहाजावरचे यंत्र तशाच खोट्या लहरी सोडते आणि क्षेपणास्त्र रिकाम्या समुद्राकडे वळते.

"खोटी लहर कशी असते, हे शत्रूला आधीच कळलं तर?"

"तर ते फसणार नाही."

"मग जहाजावरच्या माणसांचं काय?"

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "ती संशोधक आहे म्हणाली होती. माझं काम तिला समजत होतं, साहेब. ऑफिसात माझ्या कामावर दुसऱ्याचं नाव लागायचं."

संध्याकाळपर्यंत त्याने सगळे सांगितले. त्यावरून नौकेची रवानगी थांबवली गेली, लहरींची रचना बदलली, मगच ती समुद्रात गेली. त्याला सरकारी गुपिते कायद्याखाली शिक्षा झाली.

फितूर होणारा माणूस लोभीच असतो, असे मी मानत आलो होतो. हा कौतुकाला भुकेला होता, आणि ती भूक शत्रूने आमच्याआधी ओळखली. पुढे नोकरीत असेपर्यंत हाताखालच्या माणसाचे काम मी चारचौघांत त्याच्याच नावाने सांगत राहिलो.

निकालाच्या दिवशी बाई कोर्टाच्या आवारात भेटल्या. खबर कोणी दिली, हे आम्ही कुठेच उघड होऊ दिले नव्हते. मी तसे सांगितले.

"त्यांना मीच सांगितलं," त्या म्हणाल्या. "तुरुंगात भेटायला गेले तेव्हा."

"काय म्हणाले?"

पदराने डोळे टिपत त्या म्हणाल्या, "म्हणाले, थोडं आधी पोलिसांकडे जायला हवं होतंस."