केककाकांसाठी गाडी

आमच्या ह्यांना गाडी चालवता येत नाही. लग्न झाल्यापासून मीच चालवते आणि हे शेजारी केक मांडीवर घेऊन बसतात. लोकांना याची गंमत वाटते. वाटू दे. ज्याला क्रीमची फुलं काढता येतात त्याने क्लच दाबायलाही शिकलंच पाहिजे, असा काही कायदा नाही.

गल्लीत त्यांना केककाका म्हणतात. पावाच्या भट्टीवर मैद्याची पोती उचलण्यापासून सुरुवात करून या माणसाने स्वतःची बेकरी उभी केली, पण दुकानात गिऱ्हाईक आलं की अजून माझ्या मागे लपतात. बोलणं माझं आणि केक त्यांचा, असा आमचा संसार. लग्नाचा थराथरांचा केक पोचवायला गेलो की पाहुण्यांत मिसळणं नाही की फोटोत उभं राहणं नाही. दाराशी थांबायचं, सुरी केकमध्ये गेली की मला म्हणायचं, "चल." एकदा नवरीच्या आजीने त्यांच्याच केकचा तुकडा आग्रहाने पुढे केला, तर म्हणाले, "मला गोड चालत नाही हो." साफ खोटं. घरी येऊन फ्रीज उघडा टाकून उरलेलं क्रीम चाटत उभे होते.

मागच्या वर्षी त्यांचे हात थरथरायला लागले. आधी मला वाटलं थकवा असेल. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या, आणि हा बरा होणारा नव्हे, सांभाळून घ्यायचा आजार आहे असं म्हणाले. फुलं काढायचं काम आमच्या लेकीने उचललं. तिचा हात बापावर गेलाय. पण मांडीवर केक धरणार कोण? लेक दुकान सोडून रोज कुठे येणार? एकदा केकचा वरचा थर घसरला आणि ह्यांच्या शर्टावर आला.  त्या रात्री जेवताना हे म्हणाले, "मोठे केक आता बंद करूया."

मला असा राग आला म्हणून सांगू. मोठे केक म्हणजे या माणसाचा जीव. ते बंद केले की हे दुकानाच्या कोपऱ्यात बसणार आणि आतल्या आत वाळत जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. मी म्हटलं, "केक बंद करायचे नाहीत. गाडी बदलायची."

तशीही आमची छोटी गाडी म्हातारी झाली होती. मध्ये एकदा भर उन्हात बंद पडली आणि एका नवरीचा केक खोक्यातच वितळला. तेव्हा ठरलं की चांगली उंच, भरवशाची एसयूव्ही घ्यायची. तिची डिकी सपाट हवी, तिने ऐन वेळी दगा द्यायला नको, आणि मागे ठेवलेला केक ह्यांच्या मांडीवर पोचायचा तसाच सुखरूप पोचायला हवा. लेकीने इंटरनेटवर वाचून वाचून डोळे लाल केले आणि दोन गाड्या काढल्या. कधी बंद पडत नाहीत म्हणे. मी म्हटलं, वर्णनात सगळ्याच गाड्या गुणाच्या असतात. हातच्या काकणाला आरसा कशाला? केक घेऊनच जाऊ.

सुट्टीच्या दिवशी तिघं निघालो. थर वेगवेगळ्या खोक्यांत घेतले आणि शोरूमच्या टेबलावर लेकीने केक उभा केला. तिथल्या मंडळींना वाटलं, आम्ही गाडी घेऊनच टाकली आणि आनंदाचा केक आणलाय. सेल्समनने टाळ्या वाजवून सगळ्यांना गोळा केलं, कुणीतरी सुरी आणली, मॅनेजर हात चोळत बाहेर आला. हे बिचारे केकच्या आडवे उभे राहिले.

"कापायचा नाहीये," म्हणाले, "फिरवून आणायचाय."

मॅनेजरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

गिऱ्हाईक चालवणार आणि सेल्समन त्याच्या शेजारी बसणार, अशी तिथली पद्धत. त्यामुळे हे आणि लेक मागे बसले आणि केक डिकीत गेला. गाडी निघाली तसा सेल्समनच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. छत उघडतं, सीट गार होते, अमुक बटण दाबलं की तमुक होतं. मी हो हो म्हणत होते, तेवढ्यात गाडी धाडकन खड्ड्यात गेली. पुढे गतिरोधक दिसला तोवर आम्ही तो ओलांडलाही होता. परत येऊन डिकी उघडली, तर वरचा थर खालच्याच्या खांद्यावर डोकं टेकून निजला होता.

"राहू दे," हे म्हणाले. "नशिबात नाही आपल्या."

"नशीब काय गाडी चालवतंय?" मी म्हटलं. "चला दुसरीकडे."

दुसऱ्या शोरूममध्ये लेकीने केकची डागडुजी केली. तिथला सेल्समन ताडमाड उंच. मागची सीट किती ऐसपैस आहे हे दाखवायला तो स्वतःच मागे बसला, पाय लांब करून. हे सवयीने पुढे, माझ्या शेजारी. मांडीवर काही नाही म्हटल्यावर हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. शेवटी मांड्यांखाली दाबून बसले. गाडी निघाली आणि त्यांचं नेहमीचं सुरू झालं. "पुढे खड्डा आहे, बाजूने घे. ब्रेक आत्तापासून दाब, हळू. वळण येतंय, घाई नको."

परत आलो तर केक जसाच्या तसा. साखरेचा एक मणी हलला नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. लेकीने बापाला मिठी मारली, सेल्समन तर गाडी विकलीच अशा थाटात हसत होता.

हे मात्र केककडे बघत राहिले.

"झालं मग," म्हणाले. "आता मी आलो नाही तरी चालेल तुला."

डोळे भरले होते त्यांचे.  पण मला काही धड गोड बोलता येत नाही, आधी रागच येतो. त्याच रागात मी सगळी वरात परत पहिल्या शोरूममध्ये नेली.

"पुन्हा केक?" तिथला सेल्समन म्हणाला.

"पुन्हा केक. आणि या वेळी तुम्ही मागे बसायचं. तोंडाला कुलूप लावून."

तीच गाडी, तोच रस्ता, तोच खड्डा. फक्त शेजारी हे. परत येऊन मी स्वतः डिकी उघडली आणि ह्यांना हाताला धरून पुढे केलं. केक ताठ उभा होता.

"बघा," मी म्हटलं. "इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्ही केक सांभाळता आणि मी गाडी. अहो, गाडीही तुम्हीच सांभाळत होतात. मी नुसतं चाक फिरवत होते. आलो नाही तरी चालेल म्हणे. कसं चालेल?"

"काहीतरीच तुझं," हे म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. पण चेहरा उजळला होता.

लेक म्हणाली, "आई, केकला तर दोन्ही गाड्या चालल्या. भरवशाच्या दोन्ही आहेत. मग घ्यायची कुठली?"

आता खरं सांगते. या आजारात पुढेमागे आवाजही बारीक होत जातो, असं डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. त्यावर आम्ही घरात कधी बोललो नाही. मी सेल्समनला म्हटलं, "आतून शांत किती आहे ते बघायचंय मला."

"एकदम शांत, मॅडम. गाणी काय सुरेख ऐकू येतात."

"गाणी नकोत."

काचा वर केल्या, मोठ्या रस्त्याला लागले, वेग वाढवला. "अहो, बोलत राहा. हळू. अजून हळू." हे काहीतरी सांगत होते, पण इंजिनाच्या घरघरीत शब्द विरून जात होते. ही गाडी तिथेच बाद झाली. मग पुन्हा त्या ताडमाड माणसाची गाडी. तोच रस्ता, तोच वेग.

"बोला आता. अजून हळू. त्याहून हळू."

हे माझ्याकडे बघत राहिले. मी हे का करतेय ते त्यांना कळलं होतं. मग मान वळवून त्यांनी रस्त्याकडे पाहिलं आणि नुसत्या श्वासासारखं बोलले, "पुढे ट्रक थांबलाय."

मला ऐकू आलं. मी ब्रेक दाबला, अलगद, आणि मागे लेकीला सांगितलं, "हीच घ्यायची."