कंबरमोडीचा लेप आणि नायक थावरा

चीनच्या लढाईनंतरचा हिवाळा. मी हवालदार होतो, नर्सिंग असिस्टंट. आमच्या युनिटमधून मला टेम्पररी ड्यूटीवर यवतमाळ जिल्ह्यात पाठवलं. मी मूळचा दारव्ह्याकडचा. बोली येते म्हणून माझं नाव निघालं असावं. पार्टी लहान होती. डॉक्टर म्हणून मेजर बापट, त्यांच्या हाताखाली मी, आणि जीपचा ड्रायव्हर करतार सिंग.

पांढरकवड्याच्या बाजूला, रानाला लागून तंबू ठोकले. लोक जखमेवर जो पाला लावतात तो खरंच काम करतो का, हे तपासायचं होतं. लढाईत बर्फाच्या डोंगरावर आमच्याकडे ड्रेसिंगचं सामान कमी पडलं होतं. तेव्हापासून मेजरसाहेबांच्या डोक्यात हा विषय होता.

वाटाड्या म्हणून आम्हाला नायक थावरा राठोड मिळाला. पेन्शनर. जवळच्याच बंजारा तांड्यातला. साहेब लेफ्टनंट असताना हा त्यांच्याकडे स्ट्रेचर बेअरर होता, जखमींना उचलून आणणारा. फौज सोडून बरीच वर्षं झाली होती, तरी साहेब दिसले की टाचा जुळायच्या. तो आमच्याच तंबूत राहू लागला.

त्याची थोरली बहीण जमनाबाई जखमांवर लेप द्यायची. कंबरमोडीचा पाला, हळद, जवसाचं तेल. कंबरमोडी म्हणजे बांधावर उगवणारी पिवळ्या फुलांची साधी वनस्पती, सगळ्यांच्या माहितीची. पण जमनाबाई त्यात आणखी एक साल घालायची आणि ती कशाची हे सांगत नव्हती.

पहिल्या दिवशी तिनं आम्हाला ओसरीवरसुद्धा चढू दिलं नाही.

"फौजेत औषध नाही का? आमचा पाला कायले पाहिजे तुमाले?"

"तपासायचा आहे," साहेब म्हणाले.

"तपासता अन् मंग रान बंद करता. जंगलखात्यानं असंच केलतं."

थावरानं त्यांच्या बंजारा, म्हणजे गोर बोलीत तिची बरीच समजूत घातली. शेवटी ती कॅम्पवर येऊन लेप वाटायला तयार झाली, पण साल घरूनच कुटून आणायची. साहेबांना ते पटलं नाही. पुडीत काय आहे हे माहीत नसताना औषध तपासायचं कसं? त्यांनी पुडीतली चिमूटभर भुकटी काढून वेगळी ठेवली. जमनाबाईनं ते पाहिलं. साहेबांनीही ती पाहते आहे हे पाहिलं.

रोजचं काम ठरलेलं. पिंजऱ्यात ससे होते. प्रत्येकाच्या पाठीवरचे केस काढून, सुन्न करून, दोन सारख्या जखमा केलेल्या. एकीवर लेप, दुसरीवर नुसतं व्हॅसलिन. मी रोज पातळ कागद ठेवून जखमेची कड उतरवून घ्यायचो. लोक दुरून बघायचे. मिल्ट्रीवाले सशांचं रक्त काढून विलायतेला धाडतात, अशी बातमी बाजारात पसरली. पोलीस पाटील दोनदा येऊन चौकशी करून गेला.

लेपाच्या बाजूची जखम लवकर भरत होती. कड आत सरकत होती, पू नव्हता. साहेब खूश व्हायला हवे होते. ते जास्तच गंभीर झाले.

"हवालदार, इतकं चांगलं मला आवडत नाही. कोणी वरून काही लावत नाही ना?"

शंका माझ्याही मनात होती. लेपाचं भांडं मी झाकून ठेवायचो आणि सकाळी त्यात बोटं फिरल्याच्या खुणा दिसायच्या. थावरा रोल कॉलच्या आधी एकटाच सशांच्या तंबूत जायचा. विचारलं तर म्हणायचा, "ससे पाहून राह्यलो, उस्ताद." बहिणीचं औषध जिंकावं म्हणून हा आमची जखमेची सल्फा पावडर तर चोळत नाही? मी साहेबांना रिपोर्ट दिला.

"लक्ष ठेव," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी तंबूची कनात बाजूला केली. ससे जागच्या जागी होते. थावरा पोत्यावर बसला होता. उजव्या पायातला बूट काढलेला, तळव्याला लेप लावत होता.

"हे काय?"

तो उठायला गेला, पण पाय टेकवेना. "खिया घुसलता. दमणीचा. गोठ्यात." म्हणजे छोट्या बैलगाडीचा खिळा तळव्यात गेला होता.

"कधी?"

"झाले दिवस. आता भरलं ना. पाहा."

मी पाहिलं. जखम वरून छान मिटली होती. गुलाबी, कोरडी. सशांच्या पाठीवर होती तशीच.

"सांगितलं काहून नाही?"

"साहेबानं सुई मारली असती. मंग पाल्याचा गुण कोन मानला असता? सशाले लावते तर लोक हासते, उस्ताद. म्हटलं माणसावर दाखवतो."

मी तसाच साहेबांकडे गेलो. ते अर्धी दाढी साबणाची ठेवून धावत आले. त्यांनी पाय पाहिला नाही. आधी त्याचा चेहरा पाहिला.

"तोंड उघड."

थावरानं तोंड उघडलं. दोन बोटं जातील एवढंच उघडलं.

"चहा घेतलास?"

"नाही सर. रातपासून जबडा धरला."

साहेब माझ्याकडे वळले. "धनुर्वात. सिरम यवतमाळला. जीप."

करतार सिंगनं जीप काढली. मी मागे थावराला धरून बसलो. रस्ता तांड्यावरून होता. बातमी आमच्या आधी तिथं पोचली होती. वाटेत बैलगाडी आडवी घातली होती आणि तिच्यापुढे जमनाबाई उभी होती. मागे माणसं, काहींच्या हातात काठ्या.

"सशे सरले का? आता माह्या भावाले नेऊन राह्यले कापाले?"

"बाई, हा मरेल. वाट सोडा," साहेब म्हणाले.

"काय टोचलं त्याले?"

"काही टोचलं नाही. तेच टोचायला नेतो आहे."

कोणी हललं नाही. साहेबांच्या कमरेला पिस्तूल होतं. त्यांचा हात तिकडे गेला नाही, हे मी पाहिलं. तेवढ्यात थावराची मान मागे ताणली गेली. झटका ओसरल्यावर तो दातावर दात ठेवूनच बोलला. एक एक शब्द सुटा येत होता.

"बाई. गाडी. हटव. म्या. सोताहून. चाललो."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग स्वतःच जुवाला हात लावून गाडी ओढली.

यवतमाळला सिरम मिळालं. थावराला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. आवाज झाला की झटका यायचा, म्हणून आम्ही बूट काढून अनवाणी चालायचो. साहेब खुर्चीवरून उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी थावराचा श्वास थांबला.

नंतर जो तो आपापल्या शंकेवर ठाम राहिला. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, जंगली औषधानं मेला. तांडा म्हणाला, सुईनं मेला. साहेबांनी वर कळवलं की लेप उघड्या, उथळ जखमेची कातडी चांगली भरतो. पण खोल, मळक्या जखमेवर लावू नये. वरून तोंड मिटतं आणि विष आत राहतं. पुढे त्या कामाचं काय झालं, मला कळलं नाही. आम्हाला परत बोलावलं गेलं.

जाण्याआधी आम्ही मातीला गेलो. साहेबांनी पूर्ण युनिफॉर्म घातला होता. पेन्शनर असल्यामुळे गार्ड नव्हता, बिगूल नव्हता. आम्ही दोघांनी सॅल्यूट केला. करतार सिंग मागे हात जोडून उभा राहिला.

जमनाबाई साहेबांसमोर आली. "खरं सांगा. आमच्या पाल्यानं मारलं का तुमच्या सुईनं?"

"दोन्हींनी नाही. खिळ्यानं," साहेब म्हणाले. "सुई आधी मिळाली असती तर वाचला असता."

तिला पटलं की नाही, मी सांगू शकत नाही. निघताना तिनं साहेबांना एकच शब्द सांगितला. धावडा. ती साल ज्या झाडाची, त्याचं नाव.

आमच्या युनिटच्या स्मारकावर लढाईत गेलेल्यांची नावं कोरली आहेत. थावराचं नाव तिथं नाही आणि नियमानं बसतही नाही. दरवर्षी मी तिथं जातो. दगडावरची नावं वाचून होतात. मग मी सावधानमध्येच थांबतो आणि एक नाव तोंडानं घेतो. नायक थावरा राठोड, स्ट्रेचर बेअरर.