खिडकीची जागा

शाळेच्या भिंतीवर मूलद्रव्यांची आवर्तसारणी रंगवायला मी पेंटर प्रेमानंदला बोलावलं, ही माझी पहिली चूक. दुसरी चूक अशी, की नमुन्याचा कागद त्याच्या हातात कोंबून मी सरळ वर्गावर निघून गेलो.

प्रेमानंद पुसेगावचा. वय पन्नाशीच्या आतबाहेर. चष्म्याच्या काचेवर पांढऱ्या रंगाचे दोन थेंब, ते त्याने कधी पुसलेले मी पाहिले नाहीत. सेनगाव तालुक्यातल्या कितीतरी शाळा, विहारांच्या कमानी, पाण्याच्या टाक्या त्याच्या हातच्या. फ्लेक्स आल्यापासून दुकानांच्या पाट्या गेल्या, भिंती तेवढ्या उरल्या. प्रत्येक भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात खाली 'पेंटर प्रेमानंद, पुसेगाव' आणि मोबाईल नंबर. तीच त्याची जाहिरात, तोच त्याचा मान.

या नावापायी तो एकदा चांगलाच पोळला होता. एका गावात त्याने जिल्ह्याचा नकाशा काढला. नमुन्याच्या कागदाला घडी पडलेली. नेमकं सिद्धेश्वर धरण घडीत गेलं आणि भिंतीवर आलंच नाही. खाली नाव मात्र ठसठशीत. वर्षभर लोक फोन करत होते, "पेंटर, आमचं धरण कुठं नेऊन ठिवलं?" तेव्हापासून त्याने ठरवून टाकलं, स्वतःला समजल्याशिवाय भिंतीखाली नाव टाकायचं नाही.

हे सगळं मला पुढे कळलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी भिंतीजवळ गेलो आणि माझं डोकंच फिरलं. आवर्तसारणीत हायड्रोजन वरच्या ओळीत एका टोकाला आणि हेलियम दुसऱ्या टोकाला असतो; मधे भली मोठी जागा रिकामी. इथे दोघे मांडीला मांडी लावून बसलेले. दुसऱ्या, तिसऱ्या ओळीतल्या रिकाम्या जागाही बुजवलेल्या. सगळे खाने डावीकडे सरकवून उजवीकडे जो मोकळा कोपरा उरला, तिथे उगवता सूर्य आणि दोन चिमण्या.

"पेंटर, हे काय करून ठेवलं?"

"काय झालं सर? रंग उडाला का कुठं?"

"मधली जागा कुठं गेली?"

त्याने शांतपणे कागद काढला. "हे बघा. ज्या शाळंतून हे चित्र आलं, तिथल्या भिंतीला वरी खिडकी आसंल. म्हून त्यायनं मधी जागा सोडली. आपल्या भिंतीला खिडकी कुठंय? मंग काहून सोडायची? लोक म्हनतील, पेंटरनं काम अर्धं टाकलं."

मी हसावं की रडावं, मला कळेना. "आणि खालच्या या दोन ओळी मुख्य तक्त्यापासून वेगळ्या का आहेत? तिथे काय, दरवाजा होता?"

"न्हाई. त्यायची भिंत रुंदीला कमी पडली. आपलीबी पुरली नसती, म्हून मीबी खालीच ठिवल्या."

मग मात्र मी आवाज चढवला. विज्ञान दिन चार दिवसांवर आलेला, पाहुणे येणार, आणि हा मला खिडक्या दाखवतो. "खिडकीबिडकी काही नाही. जागा सोडायचीच असते."

"काहून?"

"तसंच असतं. जगभर तसंच असतं!"

त्याने ब्रश डब्यात ठेवला. रागावला नाही, पण चेहरा पडला. "नववीत आमचे मास्तरबी असंच म्हनले व्हते. हेच रसायन शिकवून राहिले व्हते. मी काहून इचारलं, तर दिवसभर बाकावर उभं केलं. दुसऱ्या दिवसापासून मी शाळंत गेलोच न्हाई." मग म्हणाला, "तुमी म्हनता तसं काढून देतो सर. पर खाली नाव टाकनार न्हाई."

"नका टाकू," मी म्हणालो. असा माझा स्वभाव.

वर्गावर गेलो, पण शिकवण्यात लक्ष लागेना. एकोणीस वर्षं मी ही सारणी फळ्यावर काढतोय. मधली जागा दरवर्षी सोडतो. का सोडतो? अणू, इलेक्ट्रॉन, कवचं, सगळं तोंडपाठ होतं; पण त्या भिंतीपुढे उभं राहून एका शहाण्या माणसाला पटेल असं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला.

शाळा सुटल्यावर मी पुन्हा गेलो. अणू म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. मधे केंद्रक, भोवती इलेक्ट्रॉन, पहिल्या कवचात फक्त दोघांना जागा. बोलता बोलता सांगून गेलो की अणू आतून जवळपास रिकामाच असतो.

"ही भिंतबी अणूचीच का?"

"हो."

"म्हंजी ही बी आतून रिकामी?"

"तसं म्हणायला… हो."

त्याने भिंतीवर हात ठेवून पाहिला, दाबून पाहिला. "मंग माझा रंग कशाला धरून राहिला सर?"

रंगसुद्धा अणूंचाच, एवढंच मला सांगता आलं. त्या उत्तराने तो आणखीच गोंधळला आणि त्याच्यामुळे मी. घरी जाऊन मोबाईलवर शोधत बसलो. भिंतीचं काही धड समजलं नाही, पण भलतंच एक सापडलं. खालच्या त्या दोन ओळी खरोखर रुंदीपायी खाली ठेवतात. मधे घातल्या तर तक्ता फार लांबडा होतो, एवढंच कारण.

सकाळी मला त्याच्यापुढे हे कबूल करावं लागलं. तो खूष होण्याऐवजी जास्तच कोड्यात पडला. "ते माझं बराबर निघालं, मंग खिडकीचं काहून चुकलं?"

दोघेही ऑफिसात पाणी प्यायला गेलो. भिंतीवर खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. वर वारांची नावं, खाली तारखा. प्रेमानंद तांब्या हातात धरून तसाच उभा राहिला.

"सर, एक तारीख गुरुवारी आली."

"मग?"

"त्याच्या आंधीचे चार खाने मोकळे हायेत. ते कुनी बुजवले तर एक तारीख रईवारी येईल. सगळ्या महिन्याची वाट लागंल." तो माझ्याकडे वळला. "तुमच्या ह्या हेलियमचा वार शेवटचा हाये का?"

मी पेला खाली ठेवला. हेलियम शेवटच्या उभ्या रांगेतलाच. खाली निऑन, अरगॉन, सगळे त्याच्याच स्वभावाचे, कुणात न मिसळणारे. मधले वार त्या ओळीत कुणाचेच नाहीत, म्हणून जागा मोकळी. कॅलेंडरात मधले खाने मोकळे नसतात, हे बोलून मोडता घालायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. ते मी गिळलं.

"हो पेंटर," मी म्हणालो. "वारच आहे तो."

त्याने सूर्य पुसला, चिमण्या पुसल्या, निळीत भिजवलेल्या दोरीने सरळ रेघा मारून सगळे खाने पुन्हा पाडले. विज्ञान दिनाच्या आदल्या दुपारी बारीक ब्रश घेऊन कोपऱ्यात बसला.

"सर, तुमाला हे ठाऊकच आसंल ना? मला समजावं म्हून एवढं फिरवलं?"

"हो," मी म्हणालो. का म्हणालो, आजही कळत नाही.

त्याने मान डोलावली आणि लिहिलं, 'पेंटर प्रेमानंद, पुसेगाव'. खाली आणखी एक ओळ, 'समजावून सांगणार : रणजीत सर'.

पाहुण्यांनी कौतुक केलं. मला मात्र अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी मी त्याला फोन लावला आणि म्हणालो, "पेंटर, येऊन माझं नाव पुसून टाका."

"काहून?"

एकोणीस वर्षं या शब्दाला मी पोरांना खाली बसवत आलो होतो. आता मीच उभा होतो. मग सगळं सांगितलं. मला जागेचं कारण नीट येत नव्हतं, त्या दिवशी खोटं बोललो, कॅलेंडर त्याला दिसलं, मला नाही.

तो म्हणाला, "राहू द्या सर. सोताला येत न्हाई असं आजवर कोन्या मास्तरनं सांगितलं नव्हतं. त्या नववीतल्या मास्तरनं तवाच सांगितलं असतं तर मी दहावी झालो असतो."