आई घर सोडून जाते तो अंक

नव्या अंकाचं मुखपृष्ठ ग्रुपवर आलं तेव्हा मी दुकानात कुणाचा तरी प्रबंध झेरॉक्स करत होते. फोन काउंटरवर थरथरत थरथरत कडेला गेला आणि खाली पडला, इतके मेसेज. माझं दुकान सोलापुरात एका कॉलेजच्या समोर आहे, परीक्षेच्या दिवसांत मान वर करायला फुरसत नसते. तरी मशीन बंद केलं आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, दहा मिनिटं थांब. तो घाबरून म्हणाला, "घरी काही झालं का, मॅडम?" मी म्हटलं, "तसंच समज."

आम्हा जुन्या वाचकांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न होता, बापाच्या मिशा कुठं गेल्या. दुसरा, आजोबांना ट्रॅकपँट कुणी घातली. हे बाप आणि आजोबा म्हणजे आमच्या लहानपणी दर महिन्याला येणाऱ्या एका कॉमिक्समधले. पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत राहणारं सुपरहिरोंचं कुटुंब. बाप एका हातानं ट्रक उचलायचा. आजोबा जितका वेळ श्वास रोखून धरतील तितका वेळ सगळं जग थांबायचं. मुलगा मुंग्यांशी बोलायचा, मुलगी भिंतीतून आरपार पळायची. आणि आई. आईच्या तळहातातून उजेड निघायचा आणि घराभोवती त्याचं कडं व्हायचं. ती घरात आहे तोवर घरातल्या कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही. बासष्ट अंक निघाले, मग एका अंकाच्या शेवटी 'क्रमशः' छापून मालिका बंद पडली ती पडलीच. आणि आता तीसेक वर्षांनी कुणा नव्या प्रकाशकाला ती परत सुरू करायची हुक्की आली होती.

माझं या कुटुंबाशी काय नातं होतं ते आधीच सांगून टाकते. मी नऊ वर्षांची असताना माझी आई एका सकाळी पिंपात पाणी भरून ठेवून घरातून निघून गेली, आणि दीड वर्षानं परत आली. ती कन्नड मुलखाला लागून असलेल्या मैंदर्गीची, पण माहेरीही गेली नव्हती. वडील तिच्यावर हात उगारायचे हे आम्हा भावंडांना माहीत होतं, तरी आम्ही ते कारण धरत नव्हतो. त्या दीड वर्षात मी या कॉमिक्समधल्या आईचे अंक उशाखाली घेऊन झोपले. ती कधीच कुठं जाणार नव्हती. गेली असती तर उजेड गेला असता, घर गेलं असतं. इतकी पक्की आई मला दुसरीकडं कुठं मिळाली नसती.

वडील वारले, भाऊ पुण्याला स्थायिक झाला, मी लग्न केलं नाही. आई माझ्याकडं असते. तिच्या गोळ्या, तिचा डोळ्यांचा डॉक्टर, सगळं मी वेळेवर करते. पण मी तिला माफ केलं नव्हतं. तिनं पाणी मागितलं तर मी द्यायचे, फक्त तांब्या जरा आपटून ठेवायचे. हे तिलाही माहीत होतं.

अंक हातात पडला आणि मिशांचं दुःख आम्ही विसरलो. पहिल्या पानावर रिकामा ओटा. गॅस बंद, डबे ओळीनं लावलेले. मुलगी भिंतीतून धावत या खोलीतून त्या खोलीत आईला शोधते. आजोबा श्वास रोखतात, जग थांबतं, तरी ती सापडत नाही. शेवटच्या पानावर एसटी स्टँड आणि पाठमोरी उभी एक बाई, हातात भरलेली पिशवी. आई घर सोडून गेली होती. तीही कुणी पळवून नेलेली नाही, कुणी मंत्र घातलेली नाही. आपल्या पायांनी.

ग्रुप पेटला. आम्ही दोनशेच्या वर माणसं, सगळी पंचेचाळिशी-पन्नाशीची. कुणाला नातवंडं झालेली, कुणाला साखरेचा त्रास. अशी माणसं एका चितारलेल्या बाईला जे बोलली ते मी इथं लिहू शकत नाही. बेजबाबदार हा त्यातला सगळ्यांत सभ्य शब्द. आमचा ॲडमिन बँकेत अधिकारी, एरवी शुभ सकाळसुद्धा दोनदा वाचून पाठवणारा. त्यानं लिहिलं, 'असल्या आईची होळी करा.' एक गॅरेजवाला होता, आमच्यातला सगळ्यांत जुना वाचक, पहिल्या अंकात मुलाच्या पायात कोणत्या रंगाची चप्पल होती तेही सांगेल असा. तो रविवारी दुकानात आला आणि स्टुलावर बसून राहिला. म्हणाला, "अम्मा कू घर से निकाल डाले इनो. बचपन की एकच अम्मा थी ना हमारी." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याला चहा पाजला आणि म्हटलं, थांब, बघतेच आता.

मग मी लिहायला बसले. आयुष्यात मला लिहायला इतकं कधी सुचलं नव्हतं. मुद्दा असा की आई ही गोष्टीतली एक बाई नसते, ती घराचा पाया असते, आणि पाया उठून एसटी स्टँडवर जात नाही. जी जाते ती आई नव्हे, बाई. लिहिताना माझ्या नजरेसमोर कोण होतं हे मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच हात थांबत नव्हता. ग्रुपवर त्या मजकुराला इतके नमस्कार आले की मोबाइल गरम झाला. ॲडमिननं सुचवलं, पत्रक काढू. मशीन माझंच. मी दीडशे प्रती काढल्या, त्यासुद्धा जाड कागदावर.

नव्या अंकाची लेखिका सोलापुरात एका पुस्तक प्रदर्शनात वाचकांशी गप्पा मारायला यायची होती. गप्पा! आम्ही सकाळी अकरालाच जाऊन पहिल्या तीन रांगा धरल्या. पंखे होते, पण ते गरम हवाच फिरवत होते. लेखिका आली ती तिशीतली मुलगी, सुती कुर्ता, घसा बसलेला, हातात पाण्याची बाटली. मला वाटलं होतं कुणीतरी तालेवार बाई असेल. ही तर माझ्या दुकानात प्रोजेक्टचं स्पायरल बायंडिंग करायला येणाऱ्या पोरींसारखी दिसत होती. पण आता माघार कशाला? पत्रकं वाटून झाली होती.

मी उभी राहिले आणि सगळं पत्रक वाचून दाखवलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "जुन्या बासष्ट अंकांत ही आई एकदाही उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. भाजी आणायलासुद्धा नाही. तुम्हाला हे कधी खटकलं नाही का?"

"तीच तर तिची ताकद," मी म्हटलं. टाळ्या पडल्या.

"मला ती शिक्षा वाटली," ती म्हणाली.

"तुम्हाला मुलं आहेत का?"

"नाही."

"मग तुम्हाला काय कळणार!"

सभागृह हसलं, बाकं वाजली. मलाही मुलं नाहीत, पण ते तिला कुठं माहीत होतं? ती बाटलीचं झाकण फिरवत म्हणाली, "थोडं ऐकून घ्या. ती कुठं गेली ते पुढच्या अंकात..."

"पुढचा अंक वाचतोय कोण!" मी ओरडले. मागून शिट्ट्या आल्या. कुणीतरी पत्रकाचा बोळा करून व्यासपीठावर फेकला, दुसऱ्यानं दुसरा. एक तिच्या खांद्याला लागून खाली पडला. तिनं वाकून तो उचलला आणि टेबलावर ठेवला, मग संयोजकांनी कार्यक्रम आवरता घेतला. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यालो. सगळे मला ताई, ताई म्हणत होते. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

पंधराएक दिवसांनी, रविवारी सकाळी, प्रकाशकांचं निवेदन आलं. वाचकांच्या भावनांचा आदर राखून दुसऱ्या अंकात आई घरातच दाखवली जाईल. तिचं जाणं म्हणजे एका दुष्ट जादूगारानं निर्माण केलेला भास होता. लेखकही बदलत आहोत. ग्रुपवर दिवाळी. ॲडमिननं लिहिलं, 'हा विजय ताईंचा.' गॅरेजवाल्यानं लिहिलं, 'अम्मा वापस आ गई.' मी पावशेर पेढे घेऊन घरी आले.

आई खिडकीशी बसून शेंगा फोडत होती. पेढा हातात घेऊन म्हणाली, "कशाचं गं?"

मी सांगितलं. सगळं. घर सोडून गेलेली आई, आमचं भांडण, सभागृह, टाळ्या. एकेक शब्द तिला लागावा असा निवडून सांगितला. मग अंक तिच्या मांडीवर ठेवला. "वाच तूच." ती वाचताना तिचं तोंड कसं होतं ते मला बघायचं होतं. सदतीस वर्षं मी या संधीची वाट बघत होते म्हटलं तरी चालेल.

आई चौथीपर्यंत शिकली, तीही कन्नडात. मराठी ती बोट ठेवून वाचते. चाळीस पानांना तिला तासाच्या वर लागला. मधेच चष्मा पुसला, मधेच उठून पाणी प्याली. मी समोर बसून होते. तोंड काही बदललं नाही. शेवटच्या पानावर मात्र ती थांबली, ते उलटलं, मागं नुसती जाहिरात होती, म्हणून परत सुलटं केलं.

"यल्लि होदळ?" ती कन्नडात पुटपुटली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "कुटं गेली ही?"

"कुठं नाही. ती गेलीच नाही असं ठरलंय आता. सांगितलं ना, भास होता."

"भास." तिनं चित्रातल्या पिशवीवर बोट ठेवलं. "पिशवी बघ की. कशी दाबून भरलीया. भासाला पिशवी कशाला लागती?"

मी पेढ्यांचा पुडा बंद केला.

"तुमी एवडी माणसं भांडला," आई म्हणाली. "पोरं का टाकली म्हणून लई भांडला. कुटं गेली, काय खाल्लं तिनं, ते कुणीच इचारलं न्हाय?"

"नाही."

"एकानंबी न्हाय?"

"नाही गं."

ती "बरं" म्हणाली आणि शेंगा ठेवलेलं सूप पुढं ओढलं. जणू तिला हेच उत्तर येणार हे ठाऊक होतं. मला मात्र ते सभागृह आठवलं. ती मुलगी तेच सांगायला निघाली होती. तोंडातला शब्द अर्धा असताना मी तिला गप्प केलं, आणि आता ते कुणीच लिहिणार नव्हतं. आम्हाला कोणत्या अंकात कोण किती पावलं चालला ते पाठ, पण त्या बाईला एक साधा प्रश्न विचारायचं दोनशे जणांत कुणाला सुचलं नाही.

आणि आमच्या घरात तरी कुणाला सुचलं होतं? आई परत आली त्या दिवशी सगळी चाळ गोळा झाली होती. आत्यानं विचारलं, कुणाबरोबर गेली होतीस. शेजारणींनी तेच विचारलं, मामानं तेच. वडिलांनी काहीच विचारलं नाही, मोठ्या मनानं घरात घेतलं आणि त्या मनाचा मोठेपणा मरेपर्यंत ऐकवला. मी दहा-अकरा वर्षांची पोर, दाराआड उभी होते. कुणाबरोबर, हे विचारणाऱ्यांचा सगळा आवाज मी पुढं आयुष्यभर माझ्या पोटात वाढवला. माझ्या बोलण्यात, तांब्या आपटण्यात, त्या पत्रकात, तोच होता. आईसमोर बसून मला इतकी लाज वाटली की उठून आत जावंसं वाटलं. उठले असते तर पुन्हा विचारणं झालं नसतं.

"आई, तू कुठं होतीस?"

"कवा?"

"तेव्हा."

शेंग फोडणारा तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडं निरखून बघितलं, भांडायला विचारते आहे की काय म्हणून. मी मान खाली घातली नाही.

"करकंबला," ती म्हणाली. "बाजाराच्या कडंला एक खानावळ हुती. तितं भाकरी थापायला."

"राहायला?"

"तितंच की. वर माळा हुता. मालकीण बरी हुती, काय इचारायची न्हाय." तिनं हातातली शेंग फोडली. मग स्वतःशीच हसल्यासारखी झाली. "सकाळी थापाय बसले की पयल्या दोन भाकरी बाजूला काढून ठेवायचे. तुमच्या दोगांच्या. हात आपसूक जायचा. गिऱ्हाइकांची गर्दी असायची, ध्यानातच ऱ्हायचं न्हाय. दुपार टळली की मग ध्यानात यायचं, हितं कुटं तुमी हायसा."

"मग काय करायचीस त्या भाकरींचं?"

"काय करणार?" आई म्हणाली. "मीच खायचे की."