वायर नसलेल्या गाडीतला इंडिकेटर

आधीच सांगून टाकतो, असले अनुभव मी जेवताना वाचतो आणि बहुतेक वेळा हसतो. पेशानं मी डिझाइन इंजिनिअर. आवाज येतोय म्हणजे कुठंतरी काहीतरी हलतंय, आणि हलणारी वस्तू शोधली की सापडते... एवढाच माझा विश्वास. त्यामुळं हे लिहिताना मला भीती वगैरे वाटत नाहीये. वैताग येतोय. दीड वर्ष होऊन गेलं तरी तोच वैताग आहे.

आम्ही बेळगावात, पिरनवाडीला राहतो. घराला लागून पत्र्याची शेड आहे, साधारण एक गाडी आणि तिच्याभोवती एक चिडका माणूस मावेल एवढी. तिथं मी ट्रॅक कार बांधायला घेतली होती. म्हणजे रस्त्यावर न्यायची नाही, फक्त रेसच्या ट्रॅकवर पळवायची गाडी. त्यासाठी एखादी जुनी, हलकी गाडी घ्यायची, आतलं सगळं काढून टाकायचं – सीट, डॅशबोर्ड, कार्पेट, वायरिंग – आणि उरलेल्या सांगाड्यात जाड पाईपचा पिंजरा वेल्ड करायचा. त्याला रोल केज म्हणतात. गाडी उलटली तर टप चेपतो, पिंजरा चेपत नाही, आणि आतला माणूस घरी परत येतो. माझी बायको वैशाली या सगळ्याला तयार झाली ती पिंजऱ्याच्या अटीवरच. पिंजरा पक्का झाल्याशिवाय चावी फिरवायची नाही, असं तिनं दोनदा वदवून घेतलं होतं.

गाडी मिळाली निपाणीच्या पुढं, चिकोडी रस्त्यावरच्या एका गावात. पांढरी, छोटी, वीस-बावीस वर्षांची. व्यवहार घरातल्या मुलाशी झाला, तो माझ्याच वयाचा. त्याचे वडील पडवीत बसून होते, उठून बाहेर आले नाहीत. गाडी बरीच वर्षं उभीच होती, बॅटरी कुणीतरी आधीच काढून नेलेली. आम्ही ती टेम्पोत घालून आणली.

पहिले दोन महिने मजेत गेले. रोज संध्याकाळी आणि रविवारी मी गाडी उपसत होतो. वायरिंगचा अख्खा गुंता, रिले, फ्यूज, दिवे – सगळं पोत्यात भरून भंगारात दिलं. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढं प्रत्येकानं मला हेच विचारलंय. गाडीत वितभरसुद्धा वायर शिल्लक नव्हती.

एका रविवारी दुपारी चारच्या पुढं मी आत वाकून फ्लोअरचा पत्रा घासत होतो. ग्राइंडर बंद केला, कानातले बोळे काढले, आणि ऐकू आलं...

टिक-टॉक. टिक-टॉक. टिक-टॉक.

गाडीचा इंडिकेटर लावल्यावर आत येतो ना, तोच आवाज. दहा-बारा मिनिटं वाजला आणि थांबला.

मी म्हटलं, पत्रा तापलाय, निवताना वाजतोय. पुढच्या रविवारी पुन्हा, त्याच सुमाराला. निवणारा पत्रा असा ताल धरत नाही हो! मी मोजलं – मिनिटाला ब्याऐंशी ठोके, एकही कमी-जास्त नाही. मग पाल शोधली. शेजारच्यांच्या टाकीचा नळ तपासला. शेडमधलं घड्याळ घरात नेऊन ठेवलं, घराचा मेन स्विच पाडला. तिसऱ्या रविवारी मोबाईलवर रेकॉर्ड केलं. मला खात्री होती की रेकॉर्डिंगमध्ये काही येणार नाही, म्हणजे माझे कान वाजतायत असं तरी म्हणता येईल. तर व्यवस्थित, स्वच्छ रेकॉर्ड झालं. कंपनीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला ऐकवलं. तो म्हणाला, इंडिकेटर आहे, चांगला वाजतोय की, प्रॉब्लेम काय?

आता याला काय सांगायचं?

खरी अडचण पुढंच होती. पिंजऱ्याचं वेल्डिंग मी स्वतः करणार नव्हतो. त्यासाठी बसूअण्णा येणार होते. उसाच्या ट्रॉल्या बांधण्यात आयुष्य गेलेले, हात असा की जोड बघत राहावा. पाईप मी वाकवून, टोकं बसतील तशी कापून तयार ठेवले होते. ठरलेल्या रविवारी अण्णांनी आत शिरून पिंजऱ्याच्या मागच्या मोठ्या कमानीला वेल्डिंगचे चार कच्चे टाके मारले, मुखवटा वर केला आणि तसेच थांबले. टिक-टॉक सुरू झालं होतं. ते मुकाट्यानं बाहेर आले आणि माझ्यावरच चिडले.

"सर, गाडीत करंट हाय कुठंतरी. सांगाय नको व्हय?"

मी त्यांना हात धरून सगळीकडं फिरवलं. पुढं बघा, मागं बघा, वायर दाखवा, बॅटरी दाखवा. करंट असता तर अण्णा थांबले असते, दुरुस्त झाल्यावर परत आत गेले असते. करंट नाही म्हटल्यावर त्यांनी हातमोजे काढले आणि हळू आवाजात कन्नडमध्ये स्वतःशीच काहीतरी म्हणाले. मग चार आठवडे त्यांचा पाय दुखत होता, पाहुणे येत होते, मशीन बिघडत होतं. ट्रॅकवरची माझी तारीख जवळ येत होती. चार टाक्यांवर लटकलेल्या कमानीकडं बघत मी शेडमध्ये बसत होतो, आणि रविवारी चार वाजले की ते टिक-टॉक... गाडीच्या टपावर मी एकदा पाना आपटला. काही फरक पडला नाही.

शेवटी वैशालीनं येऊन ऐकलं. घाबरेल वाटलं होतं. तिनं शांतपणे, ज्यांची गाडी होती त्यांना जाऊन विचार म्हणून सांगितलं. तुमच्या गाडीत कुणी मेलंय का, असं एखाद्याच्या दारात जाऊन विचारायचं? पण गेलो.

मुलगा शेतावर गेला होता. पडवीत भूपालआप्पा, त्याचे वडील, एकटेच होते. मी आडून आडून गाडीला कधी अपघात वगैरे झालता का म्हणून विचारलं. त्यांना राग आला.

"त्या गाडीत कोण मेल्यालं न्हाय. कुणाला घासली बी न्हाय."

मी माफी मागितली आणि उठता उठता, आता आलोच आहे तर सांगावं म्हणून आवाजाचं सांगून टाकलं. आप्पांनी हातानंच थांब म्हणून खूण केली. मग त्यांनी मला परत बसवलं.

ती गाडी त्यांच्या बायकोची होती. बाईंनी पन्नाशीत गाडी शिकायचा हट्ट धरला आणि आप्पांनीच शिकवली. दर रविवारी दुपारचा चहा झाला की दोघं निपाणीला तिच्या बहिणीकडं जायचे, गाडी ती चालवणार, हे शेजारी. गल्लीतून डांबरीवर येताना ती डावा इंडिकेटर लावायची आणि मग तो निपाणीपर्यंत तसाच चालू. आप्पा दर वेळी चिडायचे. मागच्याला कळतंय की, असू दे, म्हणून ती हसायची. चार वर्षांमागं ती गेली, दुखणं काढून, घरी, स्वतःच्या अंथरुणावर. गाडी त्यानंतर कुणी बाहेर काढली नाही. मुलानं विकली तेव्हा आप्पा म्हणूनच बाहेर आले नव्हते.

पुढच्या रविवारी मुलगा त्यांना आमच्याकडं सोडून आपल्या कामाला गेला. मी बसूअण्णांनाही बोलावलं होतं; ते शेडच्या दाराशी उभे राहिले, आत आले नाहीत. आप्पांना गाडीतच बसायचं होतं. सीट नव्हती, म्हणून डाव्या बाजूला रंगाचा रिकामा डबा पालथा घालून दिला. कमानीखालून वाकून ते आत गेले आणि गुडघ्यावर हात ठेवून बसले. समोर काच नाही, डॅशबोर्ड नाही, नुसती शेडची भिंत.

सव्वाचारला सुरू झालं.

आप्पा हलले नाहीत. दोन-तीन मिनिटं नुसते ऐकत होते. मग उजवीकडं मान न वळवता, अगदी रोजच्या वैतागानं – तो वैताग मला चांगला ओळखीचा होता – म्हणाले,

"बंद कर गं ते."

टिक झालं. टॉक झालं नाही.

बसूअण्णांनी पायांतल्या चपला काढल्या. मी त्याही क्षणी आतल्या आत कारणं शोधत होतो, हे कबूल करतो. आप्पांनी मात्र एकदम माझ्याकडं पाहिलं. त्यांचा चेहरा पडला होता.

"सवयीनं तोंडातनं गेलं," ते म्हणाले. "वाजू द्यायचं हुतं."

ते सहा वाजेपर्यंत त्या डब्यावर बसून राहिले. वैशालीनं दोनदा चहा आणला, दोन्ही वेळा निवला. मुलगा न्यायला आला तेव्हा त्याला हात देऊन त्यांना उठवावं लागलं.

त्यानंतर आवाज एकदाही आला नाही. बसूअण्णांनी दोन रविवारांत पिंजरा पुरा केला, तो तपासणीत पास झाला, आणि गाडी ट्रॅकवर बिनतक्रार पळते. पोरकट वाटेल, पण तेव्हाचं रेकॉर्डिंग मी दोन-तीन प्रोफेसर मित्रांना पाठवलंय. एकानं रेझोनन्स, म्हणजे बाहेरच्या कंपनानं पत्रा घुमतोय, म्हणून सांगितलं, एकानं मलाच फसवतोस का म्हणून विचारलं. रेझोनन्स बायकोसारखा नवऱ्याचं ऐकून थांबत नाही, आणि माझ्यापाशी दुसरं काही स्पष्टीकरण नाही. इंजिनिअर म्हणून हे लिहिताना लाज वाटते, तरी नाही म्हणजे नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी आप्पांचा फोन येतो. आधी पाऊसपाणी विचारतात, पोरांचं विचारतात, मग आवाज आलता काय म्हणून. खोटं सांगावं असं मला बऱ्याचदा वाटतं. पण मी न्हाय आप्पा म्हणतो, आणि ते बरं म्हणून फोन ठेवतात.